दोरीला विचारायचं नाही

कप्पीच्या गणितात सगळ्यात आगाऊ वस्तू म्हणजे दोरी. स्वतः काही करत नाही, पण प्रत्येक गोष्टीत मध्ये असते. एका टोकाला तीन किलो, दुसऱ्या टोकाला दोन किलो, वर कप्पी. हात सोडला की तीन किलो खाली येतं, दोन किलो वर जातं. इतकी साधी, कुणाचंही वाईट न करणारी घटना. पण आमच्या शाळेतले भौतिकशास्त्राचे थोरले सर ती अशी सोडवतात: आधी दोन आकृत्या, मग प्रत्येक आकृतीवर बाण, प्रत्येक बाणाला नाव, मग दोरीतला ताण, त्याची दोन समीकरणं, आणि ती एकमेकांत मिळवली की ताण आपोआप उडून जातो. म्हणजे ज्या पाहुण्यासाठी सगळं घर आवरलं, तो जिन्यातूनच परत गेला. मुलं त्यांना आकृतीसर म्हणतात. मी त्यांना तोंडावर नुसतं 'सर' म्हणतो. पाठीमागे मी मुलांच्या बाजूने आहे.

मी त्याच शाळेत हंगामी शिक्षक आहे. हंगामी शिक्षकाला शिक्षकखोलीत खुर्ची मिळते, पण ती खुर्ची कुणाची तरी असते. अशा परिस्थितीत माणसाने मान खाली घालून पुस्तकातलं फळ्यावर उतरवावं. मी मात्र अकरावीच्या वर्गात एक दिवस जोशात आलो.

"दोरीला विचारायचंच नाही," मी म्हणालो. "ती एका बाजूकडून घेते, दुसऱ्या बाजूला देते, स्वतःकडे काही ठेवत नाही. इतकी प्रामाणिक मध्यस्थ असेल तर तिची चौकशी कशाला? सरळ ऊर्जेचा हिशेब मांडा. तीन किलो एक मीटर खाली आलं, तीस जूल सुटले. दोन किलो एक मीटर वर गेलं, वीस तिकडे लागले. उरले दहा. ते कुठे जाणार? दोघांच्या पळण्यात. दोघं मिळून पाच किलो, म्हणजे वेग सेकंदाला दोन मीटर. झालं."

मग मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, एवढंच?"

हा आवाज आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या लेकीचा. शाळेत ती मला सर म्हणते, जिन्यात दादा म्हणते, आणि दोन्हीकडे तितकाच कमी आदर ठेवते.

"एवढंच," मी म्हणालो, आणि तो माझ्या कारकिर्दीतला सगळ्यात आनंदाचा क्षण होता. पुढचे सगळे आता सांगतो.

वार्षिक परीक्षेत नेमकं तेच गणित आलं, पाच गुणांना. माझ्या सगळ्या वर्गाने उत्तर बरोबर लिहिलं. नुसतं बरोबर लिहून थांबले असते तरी निभावलं असतं. पण प्रत्येकाने पहिल्या ओळीत, अक्षराचाही फरक न करता, लिहिलं होतं: 'दोरीला विचारायचं नाही, कारण ती स्वतःकडे काही ठेवत नाही.' पेपर तपासायला होते आकृतीसरांकडे. त्यांनी सगळ्या वर्गाला त्या गणितात भोपळा दिला आणि समासात लाल शाईने लिहिलं, 'सामूहिक कॉपी.'

मी त्यांना शिक्षकखोलीत गाठलं.

"सर, उत्तर बरोबर आहे की!"

"तोच तर संशय आहे," ते चष्मा पुसत म्हणाले. "अख्ख्या वर्गाचं उत्तर बरोबर? आपल्या शाळेत?"

"मी शिकवलंय त्यांना."

"म्हणून तर संशय दुप्पट."

"पण सर, पद्धत—"

"बाण कुठे आहेत? एकाच्याही पेपरात एक बाण नाही. दोरीतला ताण कुठे आहे?"

"तो लागतच नाही."

"लागत नाही म्हणून काढायचा नाही? उद्या म्हणाल, पेपरावर नाव लागत नाही."

यावर मला चोख उत्तर सुचलं होतं, पण ते संध्याकाळी सुचलं, आंघोळ करताना.

आंघोळीतून बाहेर येतो तर स्वयंपाकघरात आई भांड्यांच्या ढिगासमोर बसलेली. काकूंनी आमच्याकडून वेळोवेळी नेलेली सगळी भांडी एकदम परत पाठवली होती. शेजाऱ्यांमध्ये यापेक्षा कडक भाषा नाही. त्यातल्या दोन वाट्या तर आमच्या नव्हत्याच, म्हणजे राग बराच असणार.

"तिची लेक भौतिकशास्त्रात नापास झाली," आई म्हणाली. "चार गुणांनी. आणि तुझ्या त्या गणिताला होते पाच."

"पण मी काय केलं?"

"तूच सांगितलंस ना, दोरीला विचारायचं नाही म्हणून? विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? पोरगी पुढे गेली असती. आता सगळं वर्ष परत. इतक्या वर्षांची माझी शेजारीण गेली. आता मीठ संपलं तर मी कुणाचं दार वाजवू?"

मी म्हणालो, मीठ मी आणून देईन. आईने माझ्याकडे असं बघितलं की मीठ आणण्याइतकी माझी पात्रता आहे की नाही, याचीही तिला खात्री नसावी.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापिका बाईंकडे गेलो. बाई गोष्टी मुळापासून समजून घेतात. फक्त मूळ कोणतं ते त्या स्वतः ठरवतात.

"हे बघा सर," त्या म्हणाल्या, "तुमची पद्धत खरी असेल, तर मुलांनी समजून लिहिलं. खोटी असेल, तर एकमेकांचं बघून लिहिलं. तेव्हा प्रयोग करून दाखवा. थोरले सरही त्यांच्या पद्धतीचा करतील. ज्याचं उत्तर खरं येईल, त्याचं मान्य."

"पण बाई, दोघांचं उत्तर एकच आहे. दोन."

बाई गंभीर झाल्या. "एकच आहे? मग तुम्ही दोघांनीही एकमेकांचं बघितलं की काय?"

अशा रीतीने मुलांच्या पाच गुणांसाठी मी जिन्यात वजनं टांगणार, हे ठरलं. आकृतीसरांनी एकच अट घातली: सगळं साहित्य पाठ्यपुस्तकाप्रमाणे हवं. पाठ्यपुस्तकात लिहिलंय, कप्पी घर्षणरहित आणि दोरी वजनरहित.

शाळेच्या भांडारात कप्पी होती. मी ती काचेतून डोळ्यांनी पाहिली. भांडारप्रमुख म्हणाले, "ती देता येणार नाही. मोडकी आहे."

"चांगली दिसतेय की."

"चांगलीच आहे. पण नोंद मोडकी अशी आहे. मोडकी वस्तू प्रयोगाला देत नाहीत."

"मग नोंद बदला."

"दुरुस्ती झाल्याशिवाय नोंद बदलता येत नाही."

"अहो, पण ती दुरुस्तच आहे!"

"हां, तिथेच तर सगळं अडलंय," ते हळहळत म्हणाले. "दुरुस्त करायची तर आधी ती मोडायला पाहिजे. आणि चांगली वस्तू मोडणं म्हणजे नुकसान. त्याची भरपाई पगारातून. तुम्ही तर हंगामी."

त्यांच्या बोलण्यात इतकी माया होती, की मी आभार मानून बाहेर पडलो आणि दोरीच्या दुकानात गेलो.

"वजन नसलेली दोरी आहे का?"

दुकानदाराने मान वर केली नाही. "आम्ही दोरी किलोवर विकतो. वजन नसलेली तुम्हाला दिली तर मी घरी काय नेऊ?"

मला हा मुद्दा तेव्हाच पटला. पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यांनी दोरी कधी विकत घेतलेली नसावी. शेवटी त्याने एक बारीक नायलॉनची दोरी काढली. "ही घ्या. वजन आहे, पण वागायला हलकी आहे."

कप्पी मात्र घरातच निघाली. आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालायची काठी दोरीने वर ओढतात, तिच्या वर एक कप्पी आहे. आई भाजी आणायला गेल्याचं बघून मी ती उतरवली. काठीवर ओल्या चादरी होत्या, हे कप्पी हातात आल्यावर लक्षात आलं. चादरींची स्थितिज ऊर्जा तेव्हा माझ्या डोक्याच्या बरीच वर होती. नंतर ती नव्हती. चादरींतून बाहेर पडायला मला जो वेळ लागला, त्यात आई परत आली होती.

"हे काय चाललंय?"

"काकूंशी समेट," मी आतून म्हणालो.

रंगीत तालीम आमच्या जिन्यात झाली. वरच्या कठड्याला कप्पी बांधली. तीन किलोला गव्हाच्या पिठाची पिशवी, दोन किलोला साखरेची. भिंतीला मोजपट्टी चिकटवली. काकूंची लेक मोबाईल घेऊन खालच्या पायरीवर बसली, कारण वेग चित्रफितीवरून काढायचा होता. काकू आपल्या दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या. आई वर कठड्याशी होती. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, त्यामुळे दोघी माझ्याशी बोलत होत्या.

"तुझ्या आईला सांग, या कप्पीने जन्मात तेल पाहिलेलं दिसत नाही."

"तिला सांग, ज्यांना दुसऱ्याच्या कप्प्या दिसतात, त्यांनी आपल्या दाराच्या बिजागऱ्या ऐकाव्यात."

"सांगू की सोडू?" मी विचारलं.

"सोड!" दोघी एकदम म्हणाल्या. त्या आठवड्यातला त्यांच्यातला हा पहिला संवाद.

मी हात सोडला. इथे पाठ्यपुस्तकाची आणखी एक लबाडी उघडी पडली. गणितातली वस्तू एक मीटर खाली येते आणि प्रश्न संपतो. त्यानंतर ती वस्तू वेगाने जमिनीवर आपटते आणि फुटते, याबद्दल एकाही लेखकाने अवाक्षर काढलेलं नाही. पिठाची पिशवी काकूंच्या उंबऱ्याशी फुटली. धुरळा बसला तेव्हा दारात काकूंच्या उंचीचं काहीतरी पांढरं उभं होतं.

मी दोन पायऱ्या मागे सरकलो. पांढऱ्या आकृतीने डोळे उघडले.

"वेग किती आला?" काकू म्हणाल्या.

त्या क्षणी मला त्या बाईबद्दल जो आदर वाटला, तो मी अजून कुणाला सांगितलेला नाही. लेकीचं वर्ष वाचणार असेल तर त्या पिठाच्या पोत्यात राहायला तयार होत्या.

"दीड पण नाही," लेक मोबाईल बघून म्हणाली.

"आणि यायला किती हवा?"

"दोन."

"मग राहिलेला कुठे गेला?" काकूंनी माझ्याकडे वळून विचारलं.

"घर्षणात. म्हणजे कप्पी थोडी तापली."

काकू पांढरी पावलं उमटवत जिना चढल्या, कप्पीवर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, "गार आहे."

"अगदी थोडी तापते, काकू. हाताला कळत नाही."

"हाताला कळत नाही आणि माझी पोर नापास होते?" त्या घरात गेल्या आणि शिवणयंत्राच्या तेलाची बाटली घेऊन आल्या. मग त्यांनी कप्पीला जे तेल पाजलं, त्यानंतर ती कप्पी आमच्या कुटुंबाची राहिली नाही. आईनेही तोंड वळवून का होईना, एक फडकं पुढे केलं.

प्रयोगाच्या दिवशी शाळेच्या जिन्याखाली मुख्याध्यापिका बाई खुर्ची टाकून बसल्या. आरोपी वर्गातर्फे काकूंची लेक, पालकांतर्फे काकू. या वेळी लोखंडी वजनं होती आणि खाली वाळूची बादली. मी शिकतो, पण सावकाश. आकृतीसरांनी फळा आणून त्यावर दोन सुंदर आकृत्या काढल्या होत्या. बाण इतके रेखीव होते की क्षणभर मलाही त्या दिशेने जावंसं वाटलं.

"आधी ऊर्जेची पद्धत," बाई म्हणाल्या.

मी वजन सोडलं. वाळूत धप्प आवाज झाला. लेकीने चित्रफीत मागेपुढे करून सांगितलं, "एक पूर्णांक सहा."

"आता बाणांची पद्धत."

"बाई," मी म्हणालो, "तीच कप्पी आहे, तीच वजनं आहेत."

"म्हणून काय झालं? पक्षपात नको."

आकृतीसरांनी बाह्या सरळ केल्या, आपल्या आकृतीकडे एकवार पाहिलं आणि तीच वजनं त्याच दोरीवरून सोडली. एक पूर्णांक सहा.

"म्हणजे दोघंही चूक," बाईंनी निकाल दिला. "ज्यांनी ज्यांनी दोन लिहिलंय, त्या सगळ्यांना शून्य. थोरले सर, तुमच्या वर्गालासुद्धा."

आकृतीसरांचा चेहरा त्यांच्या खडूसारखा झाला. त्यांच्या वर्गाने प्रत्येकी दोन आकृत्या काढल्या होत्या.

"बाई, दोन हे उत्तर आदर्श परिस्थितीतलं आहे," ते म्हणाले.

"आपली शाळा आदर्शच आहे. फाटकावर लिहिलंय."

आकृतीसरांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या ओळखीत पहिल्यांदाच त्या नजरेत विनंती होती. "तुम्ही सांगा हो," ते पुटपुटले. "तुमचं ते हिशेबाचं सांगा."

मी पुढे झालो. "बाई, दहा जूल बाजूला निघाले होते. पळण्यात सहा पूर्णांक चार पोचले. बाकीचे तीन पूर्णांक सहा कप्पीने खाल्ले, घर्षणात. एकही हरवला नाही. दहा निघाले, दहाचा हिशेब लागला."

बाईंचा चेहरा उजळत गेला. वसतिगृहाचं कोठार त्यांच्याकडे बरीच वर्षं होतं.

"घट!" त्या म्हणाल्या. "अहो, घट म्हणा ना! साखरेच्या पोत्यात येते तशी. असं आधी का नाही सांगितलं? पद्धत एकदम खरी आहे. हाच खरा हिशेब!"

मी काकूंकडे पाहिलं. काकू हसल्या. आयुष्य इथेच थांबलं असतं तर मी तक्रार केली नसती.

"पण घट आली म्हणजे पूर्ण गुण देता येणार नाहीत," बाई पुढे म्हणाल्या. "जेवढा माल पोचला, तेवढे गुण. थोरले सर, तुमच्या हिशेबाने?"

"दोनऐवजी एक पूर्णांक सहा वेग आला," आकृतीसर म्हणाले. "म्हणजे पाचातले चार गुण."

काकूंनी सुस्कारा सोडला. चार. नेमके चारच हवे होते.

"आणि तुमच्या पद्धतीने? मला तुमचीच जास्त पटली आहे."

आता माझी अवस्था बघा. माझी पद्धत जिंकली होती. भर शाळेत, वरिष्ठांच्या तोंडून. आणि माझ्या पद्धतीने दहा जुलांतले सहा पूर्णांक चार पोचले होते, म्हणजे पाच गुणांतले तीन पूर्णांक दोन. माझ्या पद्धतीने पोरगी नापास होत होती. समोर काकू उभ्या होत्या, आणि त्यांच्या केसांच्या मुळाशी अजून थोडं पीठ दिसत होतं.

"चार," मी म्हणालो.

"ऊर्जेनेसुद्धा चारच?"

"हो. ऊर्जेनेसुद्धा." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "थोरल्या सरांचं अगदी बरोबर आहे."

आकृतीसर माझ्याकडे बघतच राहिले. त्यांना खरं उत्तर माहीत होतं. त्यांनी खोकला काढला आणि फळ्याकडे तोंड केलं. मला वाटलं, सुटलो.

"नाही, बाई," काकूंची लेक म्हणाली.

"गप्प बस," काकू म्हणाल्या.

"नाही ना, आई. ऊर्जेला वेगाचा वर्ग घ्यावा लागतो. एक पूर्णांक सहाचा वर्ग दोन पूर्णांक छप्पन्न, आणि दोनाचा चार. म्हणजे शंभरातले चौसष्टच पोचले. पाचातले तीन पूर्णांक दोन. सरांनीच शिकवलंय. सर घाबरलेत, म्हणून चुकतायत."

काकू हळूच खालच्या पायरीवर बसल्या. मी डोळे मिटले. एवढ्या वर्गात नेमकं हिलाच माझं सगळं समजलं असावं, हा माझ्या शिकवण्यावर उगवलेला सूड होता.

"हे तू आत्ता तोंडी काढलंस?" बाईंनी विचारलं.

"हो."

"कुणाचं बघून?"

"इथे कुणाचं बघणार, बाई? सरांचं तर चुकलंय."

बाई खुर्चीत मागे टेकल्या. जिन्यात दोरी अजून जराशी हलत होती. "थोरले सर," त्या म्हणाल्या, "जी मुलगी शिक्षकाची चूक तोंडी काढते, ती शेजारच्या बाकावरचं काय बघणार? कॉपी नाही. हिला पाच. सगळ्यांना पाच."

"आणि घट?" आकृतीसर म्हणाले. माणूस कसाही असो, नियमाला पक्का.

"घट या सरांच्या नावावर टाका. साधा वर्ग घेता येत नाही यांना. सोमवारपासून हे तुमच्या तासाला मागच्या बाकावर बसतील. चांगल्या दोन आकृत्या काढून घ्या यांच्याकडून रोज."

आकृतीसरांनी मान डोलावली. बाहेर पडताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "पेन्सिल टोकदार आणा."

संध्याकाळी काकू आमच्याकडे आल्या, मागून लेक. आमच्याकडच्या भांड्यांतली आपल्याला लागणारी भांडी त्यांनी परत वेचून घेतली, आईने त्यांना चहा दिला आणि दोघी इतक्या दिवसांचं साचलेलं बोलत बसल्या. मी दाराआड उभा होतो. बरेच लोक दाराआड उभे राहून स्वतःचं कौतुक ऐकतात, असं मी ऐकून होतो.

"तुझा मुलगा मनाने चांगला आहे गं," काकू म्हणाल्या. "गणितात जरा कच्चा आहे, एवढंच. तू काळजी करू नकोस. रोज संध्याकाळी तासभर माझ्या लेकीकडे पाठवत जा. ती समजावून छान सांगते."

मी श्वास रोखून आईच्या उत्तराची वाट पाहिली. शेवटी ती माझी आई आहे.

"बरं होईल बाई," आई म्हणाली. "वही त्याने आणायची, की तुमच्याकडेच मिळेल?"